सहा व्होल्टचाच ठेवलाय

नाही, झालेलं नाही. म्हणजे ट्रॅक्टर झालाय, बारा व्होल्टचं झालेलं नाही. — बस ना, उभ्याने कशाला रागावतेस, बसून रागाव. तो स्टूल नको, त्याचा एक पाय आखूड आहे, दोन वर्षं झाली मी तो आज करतो उद्या करतो म्हणतोय. त्या खोक्यावर बस. हो, तेच ते, तू आणून दिलेल्या बॅटरीचं. फोडलेलं नाही, चिकटपट्टीसुद्धा जशीच्या तशी आहे. अल्टरनेटर त्याच्या पिशवीत, कॉइल तिच्या डबीत, बल्ब कागदात. यादीही ठेवलीय जपून. अक्षर अगदी तुझ्या आईचं आहे तुझं. मोबाइलवर बघून लिहिली असशील, पण यादीत चूक काढायला जागा नाही — डायनामो काढा, अल्टरनेटर बसवा, बॅटरी बदला, कॉइल बदला, दिवे बदला, सेल्फ आहे तोच ठेवा. बरोबर आहे. कुणीही हेच करेल. गेल्या वर्षात मी स्वतः असे दोन जुने ट्रॅक्टर केले. एका दिवसाचं काम. मग आठ दिवस मामा काय करत होता? तू विचारणारच, म्हणून मीच विचारतो.

हे बघ, आधी एक गोष्ट समजून घे. सहा व्होल्ट कमी नसतात. लोकांना वाटतं सहा म्हणजे बाराच्या निम्मे, म्हणजे ट्रॅक्टर अर्धमेला. असं नसतं. तुमच्या रोपवाटिकेत दोन टाक्या आहेत ना — होत्या, आता माहीत नाही, मी बावीस वर्षांत आलो नाही तिकडे — एक उंचावर, एक खाली. उंच टाकीचं पाणी बारीक नळीतूनही जोरात येतं. खालच्या टाकीला जाड नळी लागते, पण जाड नळी दिलीस तर तीही तेवढंच पाणी देते. सहा व्होल्ट म्हणजे खालची टाकी. कारखान्यातून हे ट्रॅक्टर निघाले तेव्हा त्यांना अंगठ्याएवढ्या जाड केबल होत्या, आणि थंडीत, धुक्यात, बटण दाबलं की चालू. कुणी पुढे लोखंडी हँडल घालून मारत नव्हतं. हँडल द्यायचे ते आपलं, असावं म्हणून. बटण दाबलं तर इंजिन दोनदा कण्हतं आणि थांबतं, ही काही सहा व्होल्टची रीत नाही. ही नळी बारीक असल्याची रीत आहे.

तुमच्याकडे कण्हायचा ना? रोज? आणि मग हँडल. बाबा मारायचे, मग त्यांचं ते झाल्यावर तुझी आई, आणि आता — तू मारतेस? थांब, हे घे, हा पाना हँडल समज. धर. अंगठा कुठे ठेवलास? असा, बोटांच्या बाजूला. चारही बोटांबरोबर, वरून वळसा नाही. बरोबर. अगदी बरोबर. कुणी शिकवलं? — हं, बाबांनी. ते शिकवणारच. मला वाटलंच होतं.

तर तू ट्रॅक्टर सोडून गेलीस त्या दिवशी दुपारी मी पत्रा काढला. चहासुद्धा घेतला नव्हता. आत बघतो तर बॅटरीपासून सेल्फपर्यंत बारीक केबल. छोट्या मोटारीला चालते तसली, बारा व्होल्टवाली, करंगळीएवढी. उंच टाकीची नळी खालच्या टाकीला. म्हटलं कुठल्या गाढवाने लावली ही. अगदी मोठ्याने म्हटलं, दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं. मग दुसरं टोक बघितलं, जे ट्रॅक्टरच्या अंगाला बांधतात, अर्थिंगचं. या गाडीत प्लस अंगाला असतो, मायनस सेल्फकडे, आजच्या गाड्यांच्या उलट. सगळं उलटं. तुझ्या बाबांना म्हणूनच आवडली असेल. तर तो बोल्ट काढला. गंजलेला होता, तेल सोडून तासभर ठेवला, मग सुटला. केबलच्या टोकाची ती चपटी कडी उचलली आणि खाली बघतो तर निळा रंग.

निळा म्हणजे कसला निळा. आता ट्रॅक्टर बाहेर उभा आहे, बघ तू, त्याचा रंग सांगता येतो का तुला? मला येत नाही. कुठे राखाडी, कुठे गंज, कुठे नुसता पत्रा. पण त्या कडीखाली एक रुपयाएवढी जागा निळीशार. आदल्या दिवशी ब्रश फिरवल्यासारखी. ऊन नाही, पाणी नाही, बावीस वर्षं तिथे झाकून ठेवल्यासारखी. आता तुला काय, रंग दिसला तर रंग दिसला. पण रंगातून वीज जात नाही, बाळ. अर्थिंग बांधायचं तर रंग खरवडून खालचं लोखंड उघडं करायचं, पॉलिश पेपरने घासायचं, चकाकलं पाहिजे, मग कडी बसवायची. हे शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथे खरवडलंच नव्हतं. बोल्टच्या आट्यांमधून जेवढी वीज जाईल तेवढी जात होती. म्हणजे आधीच बारीक नळी, आणि तिच्या तोंडाशी बोळा कोंबलेला. बावीस वर्षं.

कुणी बसवली म्हणजे? — कुणी म्हणजे, असेल कुणीतरी वायरमन. तेव्हा या भागात दोघं होतो आम्ही. दुसरा वारला.

पाणी पितेस का? माठात आहे. मी घेतो थोडं.

तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. तुला आठवतं का तो उन्हाळा? नाही आठवणार. तुझ्या बाबांनी तो ट्रॅक्टर भंगारातून आणला. माणसं हसली, मीही हसलो, पण मी त्यांचा मेहुणा, मला हसून झाल्यावर मदत करावी लागली. दोन महिने आम्ही दोघं रोज संध्याकाळी तुमच्या अंगणात. ते इंजिनाचं बघायचे, मी वायरिंगचं. त्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं, पुस्तक वाचून करायचे, पण हात असा — कलमं बांधणारा हात. आंब्याची, चिकूची, पेरूची कलमं ते अशी बांधायचे की जोड शोधून दाखव म्हणायचे, आणि दिसायचा नाही. अंगठ्याने दाबून धरायचे, दुसऱ्या हाताने पट्टी. त्यांचं सगळं कसब त्या अंगठ्यात होतं, तेच म्हणायचे तसं. इंजिनाच्या पाइपला सुतळी गुंडाळायचे तीसुद्धा कलमासारखी. आणि शेवटी रंग. निळा तुझ्या आईने निवडला. दोन हात दिले त्यांनी, ब्रशने, पहिला वाळल्यावर दुसरा, चाकांच्या आतल्या बाजूलासुद्धा. म्हटलं आत कोण बघणार आहे. म्हणाले, मी.

आणि रविवारी सगळ्यांना बोलावून ठेवलेलं चालू करायला. शेजारचे, तुझे काका, कोण कोण. मला यायला उशीर झाला. जाड केबल आणायची होती, ती मिळाली नाही — नाही, मिळाली नाही असं नाही, मी शोधली नाही. दुकानात एक पडलेली होती, मोटारीतून काढलेली, म्हटलं लांबी पुरतेय ना, झालं. आणि अर्थिंगला जागा खरवडायची तर ते म्हणाले, अरे रंग नको रे खरवडूस, आत्ता दिलाय. म्हणून मी —

थांब. हे मी बावीस वर्षं असं सांगतोय. स्वतःला सांगतोय, दुसरं कोण विचारतंय. ते म्हणाले नव्हते. खरवडू नकोस असं ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी नुसतं बघितलं. मी हातात पटाशी घेतली, त्यांनी त्या रंगाकडे बघितलं, आणि मी पटाशी खाली ठेवली. एवढंच. सांगितलं असतं की खरवडावं लागतं, तर त्यांनीच खरवडून दिलं असतं, तेवढे शहाणे होते ते. पण चाळीस माणसं उभी होती आणि मला वाटलं, काय होतंय. बोल्ट आवळला. बटण दाबलं. चालू झाला. नवी बॅटरी, भर उन्हाळा, सगळं गरम, होणारच. टाळ्या झाल्या. तुझ्या आईने मला आधी पेढा — काहीतरी गोड दिलं, आठवत नाही काय. नवऱ्याच्या आधी मला दिलं, हे आठवतं.

मग थंडी पडली आणि कण्हायला लागला. त्यांनी मला निरोप दिला. बटण दाबल्यावर नीट फिरत नाही, येऊन बघून जा. मी म्हटलं, सहा व्होल्ट आहे, जुनं आहे, तसंच असतं. हँडल मारा. पुन्हा निरोप. मी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा स्वतः आले, इथेच, तू बसली आहेस तिथे उभे होते. म्हणाले, केबल हाताला गरम लागते, असं असतं का? आता केबल गरम लागते म्हटल्यावर मला कळायला पाहिजे की नको? कळलं. त्याच वेळी कळलं. पण समोर गिऱ्हाईक होतं, आणि आपणच लावलेली केबल चुकली म्हणायचं, तेही मेहुण्यासमोर, तेही तो पुस्तक वाचून इंजिन बांधणारा. मी म्हटलं, भावोजी, विजेचं माझ्यावर सोडा. सहा व्होल्टला केबल गरमच होते. ते बरं म्हणाले. त्यांचा विश्वास होता. इतका की घरातल्या तीन माणसांनी बावीस वर्षं हँडल मारलं आणि दुसऱ्या कुणाला दाखवलं नाही. मामा म्हणाला होता ना, तसंच असतं.

त्यानंतर नवव्या दिवशी हँडल उलटं फिरलं.

ते पुढचं तुला माहीत आहे. तुला जे माहीत आहे ते मी पसरवलेलं आहे. म्हणजे, अंगठा वरून घेतला होता, वळसा घालून धरलं होतं, मी शंभरदा सांगितलं होतं अंगठा बाजूला ठेवा, ऐकलं नाही, मोडून घेतला. हे मी दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हटलं. सगळ्यांसमोर. तुझी आजी होती, काका होते, आक्का — तुझी आई — होती. ते आतून प्लास्टर घालून बाहेर आले, तेवढ्यात माझं हेच चाललं होतं. एकच वाक्य बोलले, माझा अंगठा या बाजूला होता. कुणी लक्ष दिलं नाही. विजेचं, गाडीचं मला कळतं, त्यांना काय कळतं. तुझी आजी तर पुढे कितीतरी वर्षं कुणी आलं की सांगायची, जावई हट्टी आहे, सांगितलेलं ऐकत नाही. मी समोर असायचो. मी चहा प्यायचो.

आणि डॉक्टर — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तूही — नाही, तू सांग, सांगायचं तर सांग. डॉक्टर मला म्हणाले होते की मार बाहेरच्या बाजूने आहे. हँडल हातातून सुटलं, फिरून आलं आणि अंगठ्यावर बाहेरून बसलं. वळसा घातलेला असता तर हाड वेगळीकडे मोडलं असतं. म्हणजे त्यांनी धरलं होतं बरोबर. मी म्हटलं हो का. आणि त्यानंतर व्हरांड्यात आलो. आधी डॉक्टर, मग व्हरांडा. क्रम असा होता.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. लोकांना वाटतं मी बोललो त्याचा राग. मलाही तसंच वाटायचं, म्हणजे तसंच वाटून घ्यायला बरं होतं. कलमं आता आक्का बांधते ना? येते बाजारात रोपं घेऊन तेव्हा मी लांबून बघतो. बऱ्या बांधते. पण जोड दिसतो.

तर तू आलीस ट्रॉलीवर घालून ट्रॅक्टर. म्हणालीस, मागच्या महिन्यात बाबा डाव्या हाताने हँडल मारायला गेले आणि पडले, आता या वयात दुसरा हात गेला तर काय, एकतर बटणावर चालू झाला पाहिजे नाहीतर मोडीत घालते. आणि मोडीत घातला तर ते जेवायचे नाहीत, हेही म्हणालीस. बाबांना माहीत नाही इथे आणलाय ते. मी बरं म्हटलं. पत्रा काढला, केबल बघितली, निळा रंग बघितला, आणि पहिला विचार काय आला सांगू? आलाय ते सांगतो, चांगला नाहीये. मनात आलं, देवानेच पाठवलीय पोरीला. यादीप्रमाणे केलं की जुन्या केबल निघाल्या, जुना बोल्ट निघाला, सगळं भंगारात. बारा व्होल्टच्या कामात ती बारीक केबल निघून गेली हे कुणाला कळलं असतं. अर्थिंगची नवी जागा, नवी कडी. बटण दाबलं की इंजिन भर्रकन चालू, आणि तू म्हणाली असतीस, मामाने बारा व्होल्ट केला म्हणून झालं, सहा व्होल्टमध्ये काय दम होता. म्हणजे मी बावीस वर्षांपूर्वी खोटं बोललो तेही खरं ठरलं असतं. कात्री घेतली होती मी चिकटपट्टीला लावायला. ही बघ, अजून खोक्यावरच आहे, तुझ्या पायाशी. तिथून हलवली नाही मी. सोमवारपासून येता-जाता बघतोय.

नाही लावली. का नाही ते विचारू नकोस, काही मोठं कारण नाही. खोकं फोडलं असतं तर परत घेतलं नसतं दुकानदाराने, असं समज.

चल, बाहेर ये. ऊन आहे, डोक्यावर घे काहीतरी. — ही बघ केबल. अंगठ्याएवढी, दोन्ही टोकांना. आणि हे अर्थिंग, खाली चकचकीत लोखंड आहे, तोंड दिसेल तुझं. त्या निळ्याचा एक तुकडा निघाला अखंड, तो काडेपेटीत ठेवलाय, का ते मला माहीत नाही. बॅटरी सहा व्होल्टचीच, नवी. डायनामो तोच, ब्रश बदलले. चढ. चढ वर, चावी फिरव, गियर सुटा आहे ना बघ आधी. आता बटण.

हं.

कण्हला का? एकदा तरी? पुन्हा बंद करून दाब. — बघ. पुन्हा. — बास, बास, कळलं. सहा व्होल्ट आहेत हे. काल होते तेच.

राहू दे चालू. तर हे घे, पिशवीत जुनी केबल आहे, बोल्ट आहे, कडी आहे, काडेपेटी आहे. बाबांना दे. काही बोलायची गरज नाही, त्यांना बघितल्यावर कळेल, इंजिन बांधलेला माणूस आहे. फारच विचारलं तर म्हणावं, अंगठा बरोबर होता असं मामा म्हणाला. एवढंच. निघ आता, वाटेत चढावर दुसऱ्या गियरवर घे. — काय? ऐकू येत नाही. इंजिन चालू आहे. — काही ऐकू येत नाही मला, जा.

बंद का केलंस?

हो, ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं होतं. तुम्हीच येऊन सांगा म्हणे. सोपं आहे तुला म्हणायला. मी काय तोंड घेऊन येऊ? फाटकात उभा राहून म्हणू काय — भावोजी, ती केबल? बावीस वर्षांनी? त्यांनी दार लावून घेतलं तर मला चालेल, ते बरंच आहे. पण लावलं नाही तर? या म्हणाले तर? माणूस तसा आहे तो, या म्हणेल.

ते बटण, हे राहिलंच सांगायचं. जुनं बटण फार कडक होतं, अंगठ्याने जोर लावून दाबावं लागायचं. म्हणून मधे एक सोलेनॉइड टाकलाय, मोठा प्रवाह तो सांभाळतो, बटणाला जोर लागत नाही. आठांतले बरेच दिवस त्यात गेले. सहा व्होल्टचा सोलेनॉइड आता कुणी ठेवत नाही, चार गावं फिरलो. — अंगठा दाबता येतो ना त्यांना? तेवढा तरी?

अजिबात?

बरं. — बरं. मग तळव्याच्या कडेने दाबायचा. चालतं. एका दाबात चालू होतो. मी करून बघितलंय, अंगठा आत मुडपून, दोन दिवस तेच करत होतो. दोन्ही हातांनी होतं.

तू हो पुढे. सावकाश ने, मागे वळून बघत बसू नकोस, मी स्कूटरवरून आलो तर आलो. आणि फाटकाशी पोचलीस की इंजिन बंद कर. चालू त्यांना करू दे. जा आता, मला कुलूप शोधायचंय. भरदिवसा कधी लावलेलं नाही, कुठे ठेवलंय कोण जाणे.